बाल्दोमेरोने काठी कुठे ठेवली

मंगळवार, सहा ऑगस्ट. सकाळी दहाला आठ मिनिटे कमी असताना पेन्याकोर्वाच्या संग्रहालयाचे कुलूप नेकाने ओलाबारी हिने उघडले. त्या दिवशी तिची पाळी नव्हती. असणे शक्यही नव्हते, कारण नेकाने गावकीत नाही.

पेन्याकोर्वात धूर निघणारी घरे एकोणीस. त्यांतली अठरा गावकीत आहेत. एकोणिसावे घर नेकानेचे. बिल्बाओत एकतीस वर्षे सिटी बस चालवून ती निवृत्त झाली आणि गेल्या ऑक्टोबरात तिने हेनेरोसाचे घर विकत घेतले. हेनेरोसाला जाऊन अकरा वर्षे झाली होती आणि तेवढी वर्षे ते घर बंद होते. गावकीत यायचे तर घराच्या धुराड्यातून एक वर्ष आणि एक दिवस धूर निघावा लागतो. नेकानेचे दहा महिने झाले आहेत.

संग्रहालय जुन्या शाळेत आहे आणि त्याला पगारी माणूस नाही. पूर्वी गावाची गुरे राखण्याची पाळी जशी घरोघर फिरे, तशी आता संग्रहालयाची फिरते, आणि त्याच काठीने. ज्याची पाळी संपली त्याने सूर्यास्ताआधी काठी पुढच्या घराच्या दाराला उजव्या अंगाने टेकवायची. दार वाजवायचे नाही, हाक मारायची नाही. सकाळी ज्याच्या दारात काठी, त्याने दहा ते दोन संग्रहालय उघडायचे. किल्ली काठीलाच बांधलेली असते.

दहा वाजून दहा मिनिटांनी औरेलिया शाळेच्या पायरीवर आली. मंगळवारची पाळी तिची होती. जिल्ह्याच्या पर्यटन पत्रकासाठी त्या दिवशी फोटो काढायला माणूस येणार हे तिला महिनाभर आधी माहीत होते. शनिवारी ती दोन तासांचा बसप्रवास करून शहरात गेली, केस सेट करून आली आणि ते विस्कटू नयेत म्हणून तीन रात्री खुर्चीत बसून झोपली.

"तू इथे काय करतेयस?" तिने विचारले.

"उघडलंय," नेकाने म्हणाली. "काठी माझ्या दारात होती, किल्ली काठीला होती. कोणाला तरी विचारणार होते, पण रस्त्यात फक्त तुमची कोंबडी होती."

"ती काठी माझी आहे."

"घ्या मग."

औरेलियाने हात पुढे केला आणि मागे घेतला. दुसऱ्याच्या दारात लागलेली काठी उचलणे म्हणजे त्याची पाळी चोरणे. पेन्याकोर्वात पूर्वी यावरून डोकी फुटली आहेत.

"नाही घेता येत," ती म्हणाली.

"का?"

"नाही येत म्हणजे नाही येत. तुला नाही कळायचं. तू बसवाली."

"बसवालीला पाळी कळते हो, ताई. एकतीस वर्षं पाळीनेच चालवलीय."

अकरा वाजता फोटोवाला आला. सोबत चौदा पर्यटक होते. नेकानेला संग्रहालयातल्या वस्तूंची नावेही धड माहीत नव्हती, म्हणून ती पाट्या मोठ्याने वाचत सुटली. "पुढच्यांनी मागे सरका, मागे जागा आहे. मुलांना पुढे येऊ द्या. आता पुढचा थांबा, लांडग्याचा सापळा. वजन एकोणीस किलो. हात कोणीही लावू नये, खाली लिहिलंय, आणि मला वाटतं बरोबर लिहिलंय." लोक हसत होते. फोटोवाल्याने तिला सापळ्याशेजारी उभे करून बारा फोटो काढले. औरेलिया दारातच उभी होती. त्याने मागे वळून तिला सांगितले, "आजी, जरा बाजूला होता का? उजेड अडतोय."

चूक कुठे झाली हे औरेलियाला तोवर कळले होते. त्याच सकाळी साडेनऊला पाववाल्याची गाडी कारंज्यापाशी थांबली, तेव्हा तिथे दोनच गिऱ्हाइके होती. एक ती आणि दुसरा बाल्दोमेरो. बाल्दोमेरो चौऱ्याऐंशी वर्षांचा, एकटा. मुलगा जर्मनीत असतो. सोमवारची पाळी त्याची होती आणि त्याने काठी औरेलियाच्या दारात ठेवायला हवी होती.

"काठी कुठंय, काका? काल अंधार पडेपर्यंत मी दारात उभी होते."

"ठेवली की," बाल्दोमेरो म्हणाला. "हेनेरोसाच्या दारात. उठली का ती? तिला उठायला नेहमी उशीर."

बाल्दोमेरो चेहरा न हलवता थट्टा करतो हे साऱ्या खोऱ्याला ठाऊक आहे. औरेलिया तो हसेल म्हणून थांबली. तो हसला नाही. पाव बगलेत मारून तो निघून गेला. हे बोलणे पाववाल्यानेही ऐकले, पण तो शेजारच्या खोऱ्यातला. हेनेरोसा कोण, हे त्याला माहीत नव्हते.

एप्रिलमध्येही काठी चुकली होती. बाल्दोमेरोने ती डोंगरावरच्या देवळाच्या दाराला टेकवली होती. दोन दिवस ती तिथेच उभी राहिली, संग्रहालय बंद राहिले आणि त्रेचाळीस शाळकरी मुलांची बस बाहेरूनच परत गेली. तेव्हा गावकीने ठराव केला: पुन्हा असे झाले तर बाल्दोमेरोचे घर पाळीतून काढायचे. ज्या घराला पाळी नाही, त्याला गावकीत बोलायचा अधिकार नाही. बाल्दोमेरोला त्या अधिकाराची फारशी पर्वा नसावी. पाळीची होती. अठरा दिवसांतून एकदा तो दाढी करतो, कॉर्डरॉयचा कोट घालतो आणि चार तास अखंड बोलतो. बाकीचे सतरा दिवस त्याच्याशी बोलायला घरात कोणी नसते.

दुपारी औरेलिया सरपंच ओनोरिनोकडे गेली. तो मधमाश्यांच्या पेट्यांपाशी होता. ती सुरक्षित अंतर ठेवून उभी राहिली.

"त्या फोटोवाल्याने मला आजी म्हटलं."

"औरेलिया, तुला सहा नातवंडं आहेत."

"ते त्याला काय माहीत?"

"बरं. तक्रार फोटोवाल्याविरुद्ध आहे का?"

"काठीविरुद्ध आहे. काठी माझ्या दारात यायची ती बसवालीच्या दारात गेली. कशी गेली ते तू शोध. तू सरपंच आहेस."

पावाच्या गाडीपाशी काय ऐकले, हे तिने सांगितले नाही.

ओनोरिनोने जाळीची टोपी काढली आणि तसाच बाल्दोमेरोकडे गेला. बाल्दोमेरो अंगणात शेंगा सोलत होता.

"बाल्दोमेरो काका, काल काठी कुठे ठेवलीत?"

"तिथेच."

"तिथे म्हणजे?"

"आता आहे तिथे."

"मुद्दाम की चुकून?"

बाल्दोमेरोने चार शेंगा सोलल्या. "चुकून असेल तर काय होतं?"

"एप्रिलचा ठराव. तुमचं घर पाळीतून बाहेर."

"आणि मुद्दाम असेल तर?"

"मग गावकीला न विचारता तुम्ही एक घर पाळीत घेतलंत. त्याला दंड आहे, एक घडा वाइन."

"मग मुद्दाम."

"अहो, असं निवडता येत नाही!"

"मी कुठे निवडतोय? दोन ताटं तूच पुढे ठेवलीस."

ओनोरिनो नियमाला धरून चालणारा माणूस आहे. त्याने दोन गोष्टी जाहीर केल्या. रविवारी प्रार्थनेनंतर गावकी बसेल. आणि वाद मिटेपर्यंत काठी हलणार नाही, म्हणजे तोवर संग्रहालय नेकानेनेच उघडायचे.

हे ऐकून नेकाने त्या संध्याकाळी बटाट्याचे ऑम्लेट झाकून घेऊन बाल्दोमेरोच्या दारात उभी राहिली.

"काका, मला खरं सांगा. मुद्दाम ठेवलीत?"

"तुझ्या धुराड्यातून धूर येतो का?"

"येतो."

"सकाळी खिडक्या उघडतेस का?"

"उघडते."

"मग त्या दारात काठी ठेवायची नाही तर काय टोपी ठेवायची?" त्याने ऑम्लेटवरचे झाकण उचलले. "कांदा घातलायस. शाबास."

नेकानेने पुन्हा विचारले नाही. तिने एवढेच सांगितले की उद्या दहाला त्याने शाळेत यावे, कारण त्या पाट्यांवरच्या निम्म्या वस्तू तिने आयुष्यात पाहिलेल्या नाहीत आणि पर्यटक प्रश्न विचारतात.

बुधवारी बाल्दोमेरो पावणेदहालाच पायरीवर हजर होता, दाढी करून. कॉर्डरॉयचा कोट त्या आठवड्यात सलग पाच दिवस अंगावर चढला. दोघांनी काम वाटून घेतले. नेकाने लोकांना आत घेई, मागे सरकवी, पाठीवरच्या पिशव्या उतरवायला लावी. बाल्दोमेरो सांगे. त्याच्या वडिलांनी त्या सापळ्यात धरलेला लांडगा बुधवारी मोठ्या कुत्र्याएवढा होता. शुक्रवारपर्यंत तो बराच वाढला.

"काका, काल तो वासराएवढा होता," नेकाने कानाशी लागून म्हणाली.

"आज लोक जास्त आहेत."

शुक्रवारीच, साडेबाराच्या सुमारास, लोणी घुसळायच्या लाकडी नळकांड्यापुढे उभा असताना त्याचे बोलणे मध्येच थांबले. हात त्यावर ठेवलेला होता, पण नाव येईना. सात-आठ लोक वाट पाहत होते. एका मुलीने विचारले, "हे काय आहे?" त्याने तिच्याकडे पाहिले, नळकांड्याकडे पाहिले.

"या थांब्यावर आज गाडी थांबत नाही," नेकाने मागून म्हणाली. "पुढे चला. पुढचा थांबा, लाकडी बूट. ज्यांचे पाय दुखतायत त्यांनी खास बघावेत."

लोक पुढे सरकले. बाल्दोमेरो क्षणभर तिथेच राहिला. मग बुटांपाशी आला आणि असा सुरू झाला की दोनला कुलूप वेळेवर लागले नाही. नेकानेने याबद्दल कोणालाही काही सांगितले नाही. पण त्या लोकांत गाउदेन्सियोचा पुतण्या होता.

त्या आठवड्यात संग्रहालयात एकशे बारा माणसे आली. मागच्या ऑगस्टच्या त्याच आठवड्यात एकतीस आली होती. अभिप्रायाच्या वहीत एका बाईने लिहिले आहे: 'लांडगा फारच मोठा वाटला. तिकीट कुठे फाडायचे ते कळले नाही.' तिकीट नसतेच.

रविवारी अकरा तारखेला बाराच्या सुमारास संग्रहालय लवकर बंद झाले, घंटा झाली आणि गावकी अक्रोडाच्या झाडाखाली बसली. रिवाजाप्रमाणे वाइनचा एकच पेला वर्तुळात फिरत होता. नेकाने गावकीतली नसल्यामुळे वर्तुळाबाहेर, कुंपणाच्या भिंतीवर बसली. पेला तिच्याकडे जाऊ शकत नव्हता. मधाची एक वाटी मात्र कोणीतरी तिच्याशेजारी ठेवली होती.

ओनोरिनोने प्रश्न मांडला. काठी मुद्दाम ठेवली असे गावकी मानते का? मानत असेल तर दंड एक घडा वाइन, घर पाळीत राहील. मानत नसेल तर एप्रिलचा ठराव.

पहिला उठला गाउदेन्सियो. गुरे पाळतो. चाळीस वर्षे दर गुरुवारी तो बाल्दोमेरोशी पत्ते खेळतो.

"मी याचा मित्र आहे, म्हणून मीच बोलतो. दुसरा कोणी बोलला असता तर मला राग आला असता. एप्रिलमध्ये देऊळ झालं. आता हेनेरोसाचं दार. शुक्रवारी याला घुसळणीचं नाव आठवलं नाही, आणि त्या घुसळणीत याच्या आईने जन्मभर लोणी काढलंय. उद्या किल्लीसकट काठी दरीत गेली तर? ओझं उतरवा म्हणतो मी. घरी बसून खाऊ द्या."

"पत्त्यांत मी तुला कधी हरवलं नाही का या वर्षी?" बाल्दोमेरोने विचारले.

"हरवलंस."

"किती वेळा?"

"ते वेगळं."

"किती वेळा, गाउदेन्सियो?"

"बरेचदा," गाउदेन्सियो म्हणाला आणि पेला पुढे सरकवला.

मग ओनोरिनो औरेलियाकडे वळला. "मंगळवारी सकाळी पावाच्या गाडीपाशी तुम्ही दोघंच होतात. तू काठीबद्दल विचारलं असणारच. हे काय म्हणाले?"

बाल्दोमेरो बुटांच्या टोकांकडे पाहत राहिला. औरेलियाने मानेमागून हात नेत केस चाचपले. आठवडाभरात ते पूर्वीसारखे झाले होते.

"पाववाला भोंगा वाजवत होता," ती म्हणाली. "मला काही ऐकू आलं नाही."

"सगळा वेळ?"

"मूर्ख आहे तो. गिऱ्हाईक गाडीला टेकून उभं असलं तरी वाजवतो."

"औरेलिया," गाउदेन्सियो म्हणाला, "तीन घरांपलीकडची कुजबुज तुला ऐकू येते."

"ती कुजबुज. हा भोंगा होता."

हसण्याची लाट उठली आणि ओनोरिनोला हातातला पेला दगडावर आपटावा लागला. पेला सांडला. त्यावरूनही दंड व्हावा अशी सूचना आली. ती नामंजूर झाली.

मत पायांनी द्यायचे असते. काठी मुद्दाम ठेवली असे ज्यांना वाटते त्यांनी झाडापासून चर्चच्या बाजूला जायचे, ज्यांना वाटत नाही त्यांनी कारंज्याच्या बाजूला. एका घराचे एक मत. ज्याचा विषय, तो जागचा हलत नाही. लोक उठले, कपडे झटकले, काही जण दोनदा जागा बदलून स्थिरावले. औरेलिया शेवटची उठली. ती बाल्दोमेरोसमोरून गेली तेव्हा क्षणभर थांबली.

"फोटोचं मी विसरलेले नाही, काका," ती म्हणाली आणि चर्चच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

ओनोरिनोने मोजले, मग उलट्या बाजूने पुन्हा मोजले. आठ आणि आठ. तो स्वतः चर्चच्या बाजूला होता.

बाल्दोमेरो सोडून घरे सतरा. सतरावे फ्रोइलानचे. फ्रोइलान जूनपासून सप्टेंबरपर्यंत गावाची गुरे घेऊन वरच्या कुरणात असतो. वर जायला अडीच तासांची चढण आहे आणि कुरणात फोन लागत नाही. खिंडीत लागतो. गावकीने ठरवले की त्याचे मत आजच घ्यायचे. एकच माणूस पाठवला तर तो वाटेत फ्रोइलानला पढवील, म्हणून दोन्ही बाजूंचा एकेक जाईल. कारंज्याच्या बाजूने गाउदेन्सियो तयार झाला. चर्चच्या बाजूने औरेलिया म्हणाली, "मी जाते." कोणी हसले. ती घरी जाऊन बूट घालून, डोक्याला रुमाल बांधून आली, तेव्हा हसणे थांबले होते. एक वाजून वीस मिनिटांनी दोघे निघाले. वळणापर्यंत त्यांचे भांडण ऐकू येत होते. विषय काठीचा नव्हता. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालच्या एका कुंपणाचा होता.

गावकी उठली नाही. नियमाप्रमाणे मत पूर्ण होईपर्यंत ती उठत नाही. घराघरांतून पाव, चीज आणि सुकवलेले मांस आले. नेकानेने आपल्याकडचे ऑम्लेट आणले. ते घ्यावे की नाही यावर थोडी चर्चा झाली. खाद्यपदार्थ मत देत नाहीत असे ओनोरिनोने सांगितल्यावर ते संपले.

पाच वाजून पाच मिनिटांनी ओनोरिनोचा फोन वाजला. औरेलिया खिंडीतून बोलत होती. कुरणावरून परत खिंडीपर्यंत ती एकटीच चालत आली होती. ओनोरिनोने आवाज मोठा केला.

"फ्रोइलान भेटला. पण तो येत नाहीये. दुपारपासून एक गाय अडलीय. वासराचं एकच पुढचं पाऊल बाहेर दिसतंय, दुसरा पाय आत मागे दुमडलाय. गाउदेन्सियो बाह्या सरसावून बसलाय. डॉक्टर शहरात आहे, त्याला रात्र होईल."

"प्रश्न विचारलात का?"

"विचारला. म्हणाला, आधी वासरू. मग म्हणाला, काठी ठेवणारा बाल्दोमेरो का? मी हो म्हटलं. पुढे बोलला नाही."

बाल्दोमेरो उठून आला होता. त्याने ओनोरिनोच्या हातातून फोन काढून घेतला.

"औरेलिया, ऐक. गाय कळ देत असताना काही करायचं नाही. कळ थांबली की वासराला मागे ढकलायचं. ओढायचं नाही, ढकलायचं. दिसणाऱ्या पायाला आधी दोरी बांधून ठेवायची, म्हणजे तो हरवणार नाही. मग आत हात घालून दुमडलेला गुडघा शोधायचा, तिथून खाली खुरापर्यंत. खूर तळहातात झाकून घ्यायचं, नाहीतर आत फाडेल, आणि मग पुढे आणायचं. हात आधी तेलात बुडवायचा. लोणी नको. तेल. सांगता येईल ना?"

"येईल. कळ थांबली की ढकलायचं, दोरी, गुडघा, खूर तळहातात, तेल."

"जा मग. पळ."

त्याने फोन परत दिला. कारंज्याच्या बाजूचे दोघे एकमेकांकडे पाहत होते. पण दिलेले मत बदलता येत नाही, हाही नियम आहे.

सात वाजून पंचवीस मिनिटांनी दुसरा फोन आला. दुसरा पाय समोर आला होता. डोके अजून यायचे होते.

आठ वाजून दहा मिनिटांनी तिसरा. ऊन अजून शिखरांवर होते. औरेलिया धापा टाकत होती. कालवड झाली आहे, ती म्हणाली. ओली आहे, श्वास घेतेय, गाय चाटतेय. गाउदेन्सियो गवतावर आडवा पडलाय आणि उठायला तयार नाही. फ्रोइलान ओढ्यावर हात धुवायला गेला आहे.

मत त्याने अजून दिलेले नाही.